मानमोडीपासून कोगनोळी नाक्यापर्यंत

२०२५ सालच्या जानेवारीत बंगळूरच्या एका रुग्णालयात दोन तान्ह्या बाळांच्या तपासणीत ‘एचएमपीव्ही’ नावाचा विषाणू आढळल्याची बातमी आली आणि आमच्या अनगोळात औषधाच्या दुकानांतून पुन्हा मास्कची विचारणा सुरू झाली. वास्तविक हा विषाणू काही नवा नव्हे. नेदरलँड्समधील संशोधकांनी तो २००१ सालीच ओळखला होता आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तो माणसांत वावरत होता. बहुतेकांना त्याने सर्दी-खोकल्यापलीकडे काही होत नाही. पण २०२० च्या आठवणीने पोळलेली माणसे ताकही फुंकून पिणार, त्यात नवल ते काय! दोन दिवस शाळेच्या फोनला उसंत नव्हती. “सर, शाळा बंद होणार काय?” हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. “आपल्या भागात तयारी काय आहे?” हा प्रश्न मात्र एकानेही विचारला नाही. तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळत राहिला. इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मी त्याचे उत्तर पुढे पाहून शोधण्याऐवजी मागे पाहून शोधू लागलो. ती खोड आता या वयात जायची नाही.

श्वासावाटे पसरणारी, कोणाच्याही ओळखीची नसलेली साथ या मुलखावर एकदा पूर्वीही येऊन गेली आहे. ती १९१८ ची. सरकारी कागदांत तिचे नाव इन्फ्लुएंझा. आपल्या लोकांनी तिला नाव दिले ‘मानमोडी’. आलेला ताप मान वर करू देत नसे, म्हणून मानमोडी. माझी आजी त्या वेळी दहा-बारा वर्षांची पोर होती. तिच्या तोंडी प्लेगच्या गोष्टी पुष्कळ असत, मानमोडीविषयी मात्र ती एकच वाक्य बोलायची, “एकाला पोचवून यावं तोवर दुसरा तयार.” एवढे बोलून ती विषय बदलायची. प्लेगची गोष्ट सांगायला तिला शब्द होते, याची सांगायला नव्हते, असे आता मला वाटते. कारण प्लेगला लोकांनी काही तरी उत्तर शोधले होते. मानमोडीला उत्तरच नव्हते.

हे उत्तर कोणते ते आधी सांगतो. मुंबईला १८९६ मध्ये प्लेग आला आणि पुढच्या दोन वर्षांत तो रेल्वेच्या व सडकेच्या वाटेने बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत पोचला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. त्याची अंमलबजावणी पुण्यात कशी झाली आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर तिचा शेवट कशात झाला, हे शाळकरी पोरही सांगेल. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या; हे मात्र पुष्कळ वर्षे आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत आटोपले जाई. हुबळी-धारवाडात १८९८ मध्ये हाफकिनची लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. पण खेड्यातल्या माणसाचा खरा इलाज निराळाच होता. घरात उंदीर पडला की भांडीकुंडी, गुरेढोरे घेऊन शिवारात खोपी घालायच्या आणि महिना-दोन महिने तिथेच राहायचे. हा उपाय शास्त्रालाही धरून होता. उंदीर आणि त्यांच्यावरच्या पिसवा गावात राहिल्या, माणसे माळावर गेली, की रोगाची साखळी तुटत असे. शास्त्रज्ञांनी पिसवांचे कोडे पुरते उलगडण्यापूर्वीच लोकांनी अनुभवाने ते ओळखले होते. तरीही प्लेगने आणि त्याच दशकातल्या दुष्काळाने घाव घालायचा तो घातलाच. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये १० लाख १३ हजारांच्या घरात होती, ती १९०१ च्या शिरगणतीत ९ लाख ९४ हजारांवर आली.

कोकणात आचऱ्याला गावपळण होते. ठरावीक वर्षांनी सगळा गाव वेशीबाहेर जाऊन राहतो. आमच्या बेळगाव तालुक्यातल्या खेड्यांतून वार पाळणूक असते; पंच कमिटीने वार जाहीर केला की त्या दिवशी कोणी शेतात पाऊल टाकत नाही. या चालींचा उगम कशात आहे यावर पंडितांनी वाद घालावा. माझा आपला तर्क असा, की अशा चालींत कधीकाळच्या साथींची आठवण मुरलेली असावी. ते खरे असो वा नसो, एक गोष्ट मात्र दिसते. पोलीस नाही, दंड नाही, तरी गाव ऐकतो. कोणाचे ऐकतो हे ज्याला कळले, त्याला साथीच्या काळात निम्मे काम झाल्यासारखेच.

आता १९१८. महायुद्धाचा शेवट जवळ आला होता. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. हिवताप नव्हे, दुसराच कसला ताप. मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी बंदरात आलेल्या जहाजांवर बोट ठेवले. सरकारी पक्षाचे म्हणणे रोग शहरातलाच असे पडले. असा हा वाद चालू असताना पहिली लाट ओसरलीसुद्धा. सगळ्यांना वाटले, गेले. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती काळाचे रूप घेऊनच. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे मेली.

मुंबईहून पुणे, पुण्याहून मिरज, मिरजेहून बेळगाव, लोंढा असा लोहमार्ग तेव्हा होऊन तीस वर्षे लोटली होती. अनगोळ या रुळांच्या कडेचेच गाव. तेव्हा ते बेळगाव शहराचा भाग नव्हते. भाताची शिवारे आणि मधे गावठाण, असे खेडे होते. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ च्या आरंभी जो अहवाल लिहिला, त्यात रोग पसरवण्यात रेल्वेचा वाटा मोठा असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. लढाईवरून परतणारे शिपाई, मुंबईच्या गिरण्या सोडून गावाकडे पळणारे कामगार, आणि डबे भरभरून जाणारी गाडी. बेळगावला छावणी, म्हणजे शिपायांची ये-जा बारमाहीच. आता गाव सोडून माळावर खोपी घालाव्यात, तर हा रोग उंदरातून येत नव्हता. तो खोपीत शेजारी निजलेल्या माणसाच्या खोकल्यातून येत होता. जुने शहाणपण फुकट गेले, ते असे.

त्यात त्या वर्षी पावसाने दगा दिला. मॉन्सून लवकर आटोपला, खरीप बुडाला, धान्य महागले. दुसरी लाट ऐन सुगीच्या तोंडावर आली; जे काही पिकले होते ते कापायलाही माणूस उभा राहीना. मुंबई इलाख्यात हजारी पन्नासच्या वर माणसे मेली. सबंध हिंदुस्थानात किती, याचे आकडे संशोधकागणिक बदलतात. व्हाइटसाहेबांचा पहिला अंदाज साठ लाखांच्या आसपास होता; पुढे कोणी तो एक कोटी वीस लाखांवर नेला, कोणी एक कोटी ऐंशी लाखांवर. १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे, की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. भूगोलाच्या तासाला आम्ही १९२१ ला ‘महाविभाजक वर्ष’ म्हणून शिकवतो. मुले ते गुणांसाठी पाठ करतात. त्या शब्दामागे आपल्या पणजोबा-पणजीच्या पिढीची सरणे आहेत, हे सांगितले तर वर्ग एकदम शांत होतो, हा माझा अनुभव आहे.

मरण सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले नाही. मुंबई शहरातील त्या वर्षीचे इन्फ्लुएंझाचे मृत्यू धर्म व जातवार नोंदले गेले आहेत. युरोपियनांत हजारी ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि ज्यांना सरकार ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणे त्यांच्यात ६१.६. विषाणू काही कोणाची जात विचारून शिरत नव्हता. एका खोलीत किती माणसे निजतात, पाणी कोण आणून देते आणि आजारी पडल्यावर चार दिवस अंथरुणावर पडून राहण्याची ऐपत कोणाला आहे, यावर ते आकडे ठरत होते. या आकड्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट नोंदली गेली. वीस ते चाळीस वयातल्या धडधाकट माणसांचा या रोगाने अधिक बळी घेतला आणि त्यातही बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. घरातल्या प्रत्येकाच्या उशाशी बसणारी तीच, आणि तिच्या उशाशी बसायला कोणी नाही.

आणि सरकार? डॉक्टर लढाईवर गेलेले. औषध कोणालाच ठाऊक नव्हते. विषाणू हा या रोगाचे मूळ आहे हे सिद्ध व्हायला १९३३ साल उजाडले. टर्नरनी पत्रके काढली : गर्दी टाळा, मोकळ्या हवेत निजा. पत्रक वाचणारे किती होते, हे त्या वेळच्या साक्षरतेवरून ताडावे. प्रत्यक्ष काम केले ते समाजसेवा संघासारख्या संस्थांनी आणि जातीजातींच्या मंडळींनी. दूध, औषध, कांबळी घेऊन ती मंडळी चाळींतून फिरली. शहरात हे झाले. खेड्यात पाटील मृत्यूच्या रजिस्टरात कारणाच्या रकान्यात ‘ताप’ लिहून मोकळा होई. हिवतापाने मेला तो ताप, टायफॉइडने मेला तो ताप, मानमोडीने मेला तोही तापच. गेलेल्या माणसाची नोंदसुद्धा नीट झाली नाही.

हे सगळे वाचताना मला नवल वाटले ते एका गोष्टीचे. मानमोडी आली तेव्हा आमच्या बेळगावात, अनगोळपासून हाकेच्या अंतरावर, सबंध मुंबई इलाख्याला पुरवठा करणारी लसीची संस्था उभी होती. तीच आपली व्हॅक्सिन डेपो. आज हे नाव काढले की कोणाला सकाळचे फिरणे आठवते, कोणाला गर्द झाडी, कोणाला क्रिकेट, आणि सीमाभागातल्या कार्यकर्त्याला महामेळावा. ‘हे नाव का पडले?’ असे विचारले तर दहातले आठ जण गप्प. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही संस्था येथे आली. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच, हवा थंड; लस टिकायला अशी जागा हवीच होती. येथे देवीची लस तयार होई. रेडकांची कातडी तासून त्यावर लसीचे बीज लावायचे, काही दिवसांनी उठलेल्या फोडांतला गर खरवडून घ्यायचा, तो ग्लिसरीनमध्ये घोटायचा आणि नळ्यांत भरून गावोगाव धाडायचा. मग खेड्यात ‘देवी काढणारा’ येई. आयाबाया पोरांना कणगीमागे लपवीत आणि तो त्यांना हुडकून काढी. आमच्या पिढीच्या दंडावर जो रुपयाएवढा व्रण आहे, तो त्याचा.

मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला १४ जून १८०२ रोजी हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली. देशातला शेवटचा देवीचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. पहिल्या टोचणीपासून पाऊणेदोनशे वर्षे! त्या यशात या झाडीचाही वाटा आहे. मात्र १९१८ च्या तापाला त्या लसीचा काडीचाही उपयोग नव्हता. एका रोगाची जय्यत तयारी दुसऱ्या रोगापुढे कशी हात टेकते, त्याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. तरी इथेच एक पुस्ती जोडतो. जानेवारी २०२१ मध्ये कोविडची लस आली तेव्हा ती ठेवायला थंड खोल्या, खोकी मोजून घ्यायला माहीतगार माणसे आणि तालुक्यातालुक्यांना गाड्या रवाना करण्याची घडी या आवारात आधीपासून होती. पुण्याहून आलेली कोविशील्डची खोकी तिथेच उतरली. देवी गेली तरी घडी उरली होती, ती शंभर वर्षांनी कामाला आली. रेडकांचे गोठे गेले, शीतगृह आले, इतकाच फरक.

मधल्या काळाविषयी थोडक्यात. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा हजारो माणसांच्या पाण्यासाठी टिळकवाडीच्या माळावर विहीर खोदली गेली. ती काँग्रेस विहीर आजही आहे. छावणीची सफाई स्वयंसेवकांनी, त्यांत उच्चवर्णीयांनीही, स्वतःच्या हातांनी केली. सहा वर्षांपूर्वी ज्या गावाने मानमोडी पाहिली होती, त्या गावात एवढी गर्दी भरवायची तर आधी पाणी आणि मैला यांचा विचार झाला पाहिजे, हे त्या पिढीला सांगावे लागले नाही. २००९ च्या ऑगस्टात पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला; ती एक शाळकरी मुलगी होती. पुण्याच्या शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले, आमच्याकडेही दोन आठवडे चर्चा झाली आणि गणपती येताच विरली.

मग २०२०. सगळे सांगत बसत नाही, वाचकांनी ते भोगलेच आहे. देशातला कोविडचा पहिला मृत्यू आमच्या कर्नाटकातल्या कलबुर्गीचा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातला. बेळगाव जिल्ह्यातले पहिले तीन रुग्ण ३ एप्रिलला निघाले. पुढे हिरेबागेवाडी आणि कुडची ही नावे रोज वर्तमानपत्रांत झळकू लागली. गावोगाव वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. सरकारने कायदा काढला तो १८९७ चाच. पाठोपाठ राज्याने आपला नवा कायदाही केला. जुलैत शहरातल्या सरकारी रुग्णालयाच्या दारात संतप्त नातेवाइकांनी रुग्णवाहिका पेटवून दिली. तो प्रकार पाहून मला रँडसाहेबाचे पुणे आठवले. तेव्हा सरकार परके होते, २०२० मध्ये आपलेच. पण आपला माणूस आत नेला, दिसू दिला नाही आणि गुंडाळून बाहेर दिला, हे दुःख दोन्ही वेळा तेच. प्लेगच्या छावणीविषयी जे ऐकत आलो ते डोळ्यांपुढे उभे राहिले. खाटा आणि प्राणवायू यांची मोजदाद सगळे करतात. आतल्या रुग्णाची खबर बाहेरच्या माणसाला दिवसातून दोनदा कोण देणार, याची तजवीज कोणत्याच यादीत नसते. ती पहिल्या पाचांत असली पाहिजे, असे माझे मत आहे.

आमच्या मुलखाचे दुखणे आणखी निराळे. अनगोळच्या घरातली लेक गडहिंग्लजला दिलेली, सून चंदगडची, मामा कोल्हापूरला. चंदगड तालुक्यातला माणूस छातीत कळ आली की बेळगाव गाठतो. जिल्ह्याचे ठिकाण कोल्हापूर असले तरी त्याला जवळचा दवाखाना आमचा. निपाणीचा बाजार कागलच्या माणसांवाचून भरत नाही. अशा अंगावर मे २०२० मध्ये एकदम रेघ ओढली गेली. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकात प्रवेश बंद. पुढे फेब्रुवारी २०२१ पासून कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआरचा दाखला मागू लागले. एकीकडे शिनोळी, दुसरीकडे कोगनोळी. नाका असावा की नसावा या वादात मी शिरत नाही. साथीत हालचालीला लगाम लावावाच लागतो. माझा प्रश्न मास्तरकीचा आहे. नाक्यावर माणूस अडवला जात होता, पण कागलात किती ताप आहे हे निपाणीच्या दवाखान्याला आणि निपाणीतले कागलला कोण कळवत होते? दोन राज्यांचे आकडे दोन राजधान्यांकडे जात आणि तिथून वर दिल्लीला. आठ-दहा मैलांवरची खबर हजार मैलांचा वळसा घेऊन यायची. प्लेगच्या काळात बेळगाव, कोल्हापूर संस्थान आणि सांगली-मिरजेची संस्थाने अशी निरनिराळी राज्येच होती. निदान आता राज्यघटना एक आहे. कोल्हापूर आणि बेळगावच्या आरोग्याधिकाऱ्यांनी आठवड्यातून एकदा फोनवर बोलावे, एवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहायचे कारण नाही.

शाळांचे म्हणाल तर, २०२० मध्ये महाराष्ट्राने दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द केला आणि कर्नाटकाने २५ जूनपासून सबंध दहावीची परीक्षा घेतली. साडेआठ लाखांच्या आसपास मुलांनी नावे नोंदवली होती. दारात तापमान पाहायचे, हातावर सॅनिटायझर, बाकावर अंतर, ताप निघाला तर वेगळी खोली. मुख्याध्यापकांना त्या वेळी जेवढे आरोग्यशास्त्र शिकावे लागले तेवढे बी.एड.ला कोणी शिकवले नव्हते. कंत्राट, पगारपत्रके आणि दुपारचे जेवण यांत बुडालेल्या या जमातीने ते निभावले; याची नोंद कुठे तरी व्हावी म्हणून ही दोन वाक्ये. घरोघर हिंडण्याचे काम मात्र आशा कार्यकर्त्यांनी केले. दारात उभे राहून ‘घरात कोणाला ताप?’ हे विचारणाऱ्या या बायकांना बारा हजारांच्या मानधनासाठी जुलै २०२० मध्ये, ऐन साथीत, काम थांबवावे लागले. राज्यात त्या सुमारे ४२ हजार होत्या. १९१८ ला उशाशी बसणारी बाई होती, २०२० ला दारात उभी राहणारी. हिशेबात दोघीही शेवटीच.

सप्टेंबर २०२० मध्ये आमचे खासदार आणि केंद्रातले रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी दिल्लीत कोविडने गेले. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला झाली, नेमकी दुसरी लाट चढत असताना. त्या मे महिन्यात काय झाले ते लिहायला हात धजत नाही. मेलेल्यांचा आकडा पुन्हा वादात पडला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज; सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या घरातला, आणि सरकारला तो अंदाज मान्य नाही. खरे काय ते तज्ज्ञ ठरवोत. पाटलाच्या रजिस्टरातला ‘ताप’ हा शब्द मला त्या वेळी फार आठवला.

आता तयारीचे. २७ डिसेंबर २०२२ ला आणि १०-११ एप्रिल २०२३ ला देशभर रुग्णालयांत सरावाच्या तालमी झाल्या. प्राणवायूची यंत्रे चालवून पाहिली, खाटा मोजल्या. चांगलेच आहे. पण श्वासाचा रोग रुग्णालयात शेवटी पोचतो; आधी तो गल्लीत असतो. अनगोळची गल्ली ओळखायची तर शेजारचे उद्यमबाग ओळखले पाहिजे. तिथल्या फौंड्रीत वाळूच्या साच्यांत पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या माणसाची छाती आधीच धुळीने भरलेली असते. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईचे तेच. साठी ओलांडलेले, मधुमेहाचे, धुळीच्या छातीचे लोक कोणत्या घरांत आहेत याची गल्लीवार वही शांततेच्या काळात तयार असेल, तर साथ आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांच्या दारी जाता येईल. ही वही आशाकडे निम्मी तयार असतेच. ती पुरी करायला कागद, पेन्सिल आणि वेळेवर मानधन लागते. परदेशी यंत्र लागत नाही. सगळी घरे एक-दोन खोल्यांची, तेव्हा आजाऱ्याला वेगळे ठेवायचे कुठे, हा दुसरा प्रश्न. आपल्याकडे मंगल कार्यालये आहेत, देवळांचे सभामंडप आहेत, शाळा आहेत. कोणते कशासाठी, किल्ली कोणाकडे, स्वयंपाक कोण करणार, हे गल्लीतल्या पंचांनी आणि महिला मंडळांनी आधीच ठरवून ठेवायचे. लक्ष्मी यात्रेची वर्गणी, मांडव आणि महाप्रसाद ज्या शिस्तीने ठरतो, त्या शिस्तीने.

शाळेने काय करायचे, हे मी माझ्यापुरते ठरवले आहे. हजेरीपटाकडे आपण दांडीबहाद्दर पकडायचे साधन म्हणून पाहतो. वास्तविक तापाची पहिली बातमी त्यातच असते. दवाखान्यात गर्दी व्हायच्या आधी चार-सहा दिवस वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात. २०२१ मध्ये शाळा पुन्हा भरल्यापासून आमच्याकडे वर्गशिक्षक गैरहजेरीपुढे पेन्सिलीने एक अक्षर लिहितात : ‘ता’ म्हणजे ताप, ‘खो’ म्हणजे खोकला, ‘गा’ म्हणजे गावाला. शनिवारी शिपाई सगळ्या वर्गांची बेरीज करून माझ्या टेबलावर ठेवतो. एका वर्गात एकाच आठवड्यात पाच ‘ता’ दिसले, की मी आरोग्य केंद्रातल्या बाईंना फोन करतो. जानेवारी २०२५ मध्ये, एचएमपीव्हीची बातमी गाजत होती त्या आठवड्यात, सबंध शाळेत ‘ता’ होते अकरा, ‘खो’ एकोणीस, म्हणजे त्या हंगामात दरवर्षी असतात तेवढेच. फोन करणाऱ्या पालकांना मी ती बेरीज वाचून दाखवली. ‘गा’ मात्र त्या आठवड्यात चौतीस होते. संक्रांत जवळ आली होती.